गोवर जातो तेव्हा काय घेऊन जातो

गोवराबद्दल जुन्या बायका दोन गोष्टी हमखास सांगायच्या. एक म्हणजे गोवर अंगावर नीट उमटू द्यावा, आत राहिला तर वाईट. दुसरी म्हणजे गोवर गेला तरी वर्षभर पोराला जपावं, कारण गोवरानंतर पोर खंगतं. लहानपणी घरात ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली की त्यांच्याकडे कधी लक्षच दिलं नाही. कडुनिंबाचा पाला, अंधारी खोली, पथ्यपाणी या सगळ्याबरोबर तीही एका गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकली. आता वाटतं, निदान दुसरं वाक्य तरी माळ्यावर टाकायला नको होतं. गेल्या पंचवीस वर्षांत गोवराच्या विषाणूबद्दल प्रयोगशाळांतून जे हाती आलं, ते त्या वाक्याच्या फार जवळ जाऊन पोचलं आहे.

गोवर म्हणजे ताप, पुरळ, लाल डोळे, खोकला आणि दोन-तीन आठवड्यांत बरं होणं, असाच आपला हिशोब असतो. सरकारी नोंदींचा हिशोबही याहून फार वेगळा नाही. पुरळ उठल्यापासून तीस दिवसांच्या आत मूल दगावलं तर तो गोवराचा मृत्यू धरतात. एकतिसाव्या दिवशी किंवा सातव्या महिन्यात ते न्यूमोनियाने गेलं, तर कागदावर न्यूमोनिया लिहिला जातो. ही मोजणी चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे, आणि मोजणी चुकली की धोरणही चुकतं. ते पटवायचं तर आधी हा विषाणू शरीरात नेमका कुठे शिरतो, हे पाहावं लागेल.

सर्दीचे विषाणू नाकातल्या, घशातल्या अस्तराच्या पेशींवर बसतात. गोवराचाही तसाच बसत असणार, असं बराच काळ गृहीत धरलं गेलं. खोकल्यातून पसरतो म्हणजे श्वासमार्गातूनच शिरत असणार, हा विचार सरळ वाटतो, पण तो खरा ठरला नाही. विषाणूच्या बाह्य आवरणावर दोन प्रकारची प्रथिनं असतात. एक पकडण्याचं काम करतं, त्याला एच म्हणतात. दुसरं, म्हणजे एफ, विषाणूचं आवरण आणि पेशीचं आवरण एकमेकांत मिसळून टाकतं. एच प्रथिनाला पकडायला पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक खुंटी लागते. ती सापडली तरच एचचा आकार बदलतो, एफला चालना मिळते, आवरणं एक होतात आणि विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, पेशीत उतरतो. खुंटी नसेल तर विषाणू नुसता घसरून जातो.

ती खुंटी कोणती, याचं पहिलं उत्तर १९९३ मध्ये मिळालं आणि ते अर्धवट निघालं. सीडी ४६ नावाचं प्रथिन हीच गोवराची खुंटी, असं तेव्हा दाखवून दिलं गेलं. सीडी ४६ माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतं, त्यामुळे कोडं सुटल्यासारखं वाटलं. अडचण अशी होती की प्रयोगात वापरलेला विषाणू वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवलेला होता. नव्या जागेत राहता राहता त्याने नवी खुंटी धरायला शिकून घेतलं होतं. आजारी मुलाच्या घशातून थेट घेतलेला विषाणू सीडी ४६ कडे ढुंकूनही पाहत नव्हता. मग २००० साली जपानमधल्या क्यूशू विद्यापीठात युसुके यानागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरी खुंटी शोधली. ती म्हणजे स्लॅम, दुसरं नाव सीडी १५०. हे प्रथिन नाकाच्या अस्तरावर नसतं, त्वचेवर नसतं, आतड्याच्या अस्तरावरही नसतं. ते असतं रोगप्रतिकारक पेशींवर. या पेशी एकमेकींना भेटतात, निरोप देतात-घेतात, त्या कामासाठी शरीराने ते तयार केलेलं आहे. गोवराचा विषाणू नेमकं तेच पकडतो.

इथून पुढची गोष्ट मला जेवढी थरारक वाटते तेवढीच भयंकर वाटते. श्वासाबरोबर आत गेलेला विषाणू फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तिथे भक्षकपेशी आणि वृक्षिकापेशी गस्त घालत असतात. बाहेरून आलेलं काहीही गिळायचं आणि त्याचा नमुना जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन दाखवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्या अंगावर सीडी १५० असतं. विषाणू त्यांना धरतो, आत शिरतो, आणि त्या नेहमीच्या वाटेने ग्रंथीकडे निघतात, पोटात तो जिवंत बसलेला. ग्रंथीत बी आणि टी या, जंतूंशी लढणाऱ्या पेशींची गर्दी असते आणि त्यांतल्या पुष्कळ पेशींवर तीच खुंटी असते. तिथून रक्तात, रक्तातून प्लीहेत, टॉन्सिलमध्ये, आतड्यालगतच्या ग्रंथींत. हिरवा चमकणारा जनुक जोडलेला गोवराचा विषाणू माकडांना देऊन नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास हे प्रत्यक्ष पाहिलं. संसर्ग ऐन जोरात असताना चमकत होत्या त्या मुख्यतः लसिका ग्रंथी आणि टॉन्सिल.

मग खोकल्यातून तो बाहेर कसा पडतो? त्यासाठी दुसरी खुंटी आहे, नेक्टिन ४. ती २०११ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी शोधली. श्वासमार्गाच्या अस्तरावर ती असते खरी, पण हवेच्या बाजूला नसते. ती असते आतल्या, शरीराकडच्या बाजूला. म्हणून बाहेरून आलेल्या विषाणूच्या ती हाती लागत नाही. रोगप्रतिकारक पेशींवर स्वार होऊन शरीरभर फिरून आलेला विषाणू अस्तराच्या मागच्या दाराने येतो, नेक्टिन धरून पेशीत शिरतो आणि पुढच्या बाजूने हवेत सुटतो. ही दुसरी खुंटी नेमकी कोणती हे कळण्याआधीच, २००८ मध्ये, ती धरता येणार नाही असा बदललेला विषाणू माकडांना दिला, तेव्हा माकडं आजारी पडली, पण त्यांच्या श्वासातून विषाणू बाहेर पडलाच नाही. एका खुंटीने आजार आणि दुसरीने प्रसार, इतकी स्वच्छ वाटणी फार थोड्या विषाणूंमध्ये दिसते. आणि त्या दुसऱ्या टप्प्यातला प्रसार इतका जबर असतो की लस नसलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या हवेत विषाणू टिकतो.

अंगावरच्या पुरळाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. पुरळ विषाणू उठवत नाही. त्वचेत पोचलेल्या संसर्गित पेशींना आपल्याच टी पेशी मारतात, त्या लढाईच्या त्या खुणा असतात. ज्या मुलाची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे, त्याच्या अंगावर कधी कधी पुरळ उठतच नाही, आणि असं मूल जास्त धोक्यात असतं. गोवर आत राहिला तर वाईट, हे म्हणणाऱ्या बायकांना टी पेशी ठाऊक नव्हत्या, पण मुलं ठाऊक होती. त्यांनी त्यावरून काढलेले उपाय बरोबर नव्हते. पाहणं मात्र बरोबर होतं.

आता दुसऱ्या वाक्याकडे येते. रोगप्रतिकारक पेशींपैकी काही नव्या कोऱ्या असतात, त्यांना अजून कुठल्याही जंतूची गाठ पडलेली नसते. काही जुन्या, म्हणजे स्मृतिपेशी. पूर्वी होऊन गेलेल्या आजारांची, घेतलेल्या लसींची आठवण त्यांच्यात साठवलेली असते. सीडी १५० नव्या पेशींवर कमी आणि स्मृतिपेशींवर भरपूर असतं. त्यामुळे गोवर निवडून निवडून आठवणींवर जातो. विषाणू शिरलेल्या पेशी आपलंच शरीर मारून टाकतं, तसं केल्याशिवाय गोवर बराच होणार नाही. म्हणजे बरं होण्याची किंमत ही आठवणींची किंमत असते. आठवडाभरात रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा पूर्ववत होतो आणि अहवाल पाहणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण भरून आलेल्या पेशी बहुतांशी गोवराच्याच आठवणीच्या असतात. तलाठ्याचं दप्तर जळावं, आणि नव्या दप्तरात ज्याने आग लावली त्याचंच नाव पानापानावर असावं, तशी अवस्था. गोवर पुन्हा आयुष्यात होत नाही, ही म्हण खरी आहे. बाकीच्या जंतूंच्या नोंदी गेल्या, हे त्या म्हणीत नाही.

हे सगळं तर्कानेच रचलेलं नाही. १९०८ मध्ये व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या डॉक्टरांनी टिपून ठेवलं होतं की क्षयाची त्वचाचाचणी ज्या मुलांत आधी ठळक यायची, त्यांना गोवर झाला की ती काही काळ नाहीशी व्हायची. शरीर क्षयाच्या जंतूला ओळखेनासं व्हायचं. पुढे २०१५ मध्ये मायकेल मिना हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्क इथल्या लसीच्या आधीच्या आणि नंतरच्या दशकांतल्या नोंदी एकत्र लावल्या. गोवराची साथ आली की पुढची दोन ते तीन वर्षं इतर संसर्गांनी मुलं मरण्याचं प्रमाण वर गेलेलं दिसलं. लस आल्यावर गोवर खाली आला आणि हे इतर मृत्यूही खाली आले. त्यांचा अंदाज असा की लसीच्या आधीच्या काळात संसर्गाने होणाऱ्या बालमृत्यूंपैकी निम्म्यांपर्यंत मृत्यूंत गोवराचा हात असावा. आकडेवारीतलं नातं म्हणजे कार्यकारण नव्हे, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्त होता.

त्याचं उत्तर २०१९ मध्ये रक्तातून मिळालं. नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणाने लस नाकारणारा एक प्रोटेस्टंट समाज आहे. २०१३ मध्ये तिथे गोवराची साथ आली. साथ येण्याच्या आधी आणि नंतर लस न घेतलेल्या मुलांचं रक्त घेऊन ठेवलं होतं. गोवर झालेल्या ७७ मुलांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूंना ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांची, एकेक करून तुलना केली, तेव्हा कळलं की इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यापैकी ११ ते ७३ टक्के साठा गेला होता. लस दिलेल्या मुलांत असं काहीच झालं नव्हतं. त्याच मुलांच्या बी पेशींवर स्वतंत्रपणे झालेला दुसरा अभ्यासही याच दिशेला गेला. ७७ हा आकडा लहान आहे, हे मी मान्य करते. पण ही मुलं पोटभर जेवणारी, स्वच्छ पाणी पिणारी, जवळ दवाखाना असलेली होती. त्यांचं दप्तर इतकं जळत असेल, तर अर्धपोटी, वारंवार जुलाब होणाऱ्या, एका खोलीत सात-आठ माणसांत वाढणाऱ्या मुलाला नव्याने प्रत्येक जंतूशी ओळख करून घेणं किती महाग पडत असेल, याचा विचार करावा.

म्हणूनच मला ऑक्टोबर २०२२ आठवतो. मुंबईत गोवंडीत गोवराची साथ उफाळली. मुलं दगावली. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात मुलांची रीघ लागली, मग मालेगाव आणि भिवंडीची नावं आली, केंद्राचं पथक मुंबईत आलं. नोव्हेंबरमध्ये केंद्राने सांगितलं की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना एक जादा डोस द्यावा, आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांचं प्रमाण दहा टक्क्यांवर आहे तिथे सहा महिन्यांपासूनच द्यावा. हे चांगलं झालं. साथ ओसरली. पथकं गेली, कॅमेरे गेले. ज्या मुलांना गोवर झाला आणि जी वाचली, ती बरी झाल्याचं आपण धरून चाललो. वर सांगितलेल्या अभ्यासांनुसार त्या मुलांचा खरा धोक्याचा काळ तेव्हा सुरू होत होता. २०२३ आणि २०२४ च्या पावसाळ्यांत त्यांना न्यूमोनिया झाला का, जुलाब झाले का, त्यांची वजनं किती होती, हे विचारायला त्यांच्या दारात कोण गेलं?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. त्या वस्त्यांतली माणसं लसच घेत नाहीत, मग काय करणार. हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडून, अगदी वैद्यकीय क्षेत्रातल्या माणसांकडूनही ऐकलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. गोवंडीतले काही आईबाप लसीला घाबरतात, काही नाकारतात, हे खरं. अफवांचा जोर असतो, आधीच्या इंजेक्शनने ताप आलेला असतो. पण देवनारच्या कचराडेपोच्या सावलीत राहणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, तेही पाहायला हवं. लसीकरणाचं सत्र सकाळी कामाच्या वेळेत असतं. मजुरी बुडवून ती जाते. खोली भाड्याची, दर अकरा महिन्यांनी बदलणारी, त्यामुळे तिचं बाळ कुणाच्याच यादीत पक्कं नसतं. बाळंतपणाला ती गावी गेलेली असते आणि पहिल्या लसींचं कार्ड तिकडेच राहिलेलं असतं. कोविडच्या दोन वर्षांत सत्रंच विस्कळीत झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगभरात जवळपास चार कोटी मुलांचा गोवराच्या लसीचा एक तरी डोस चुकला. त्या सगळ्यांच्या आया अडाणी होत्या असं म्हणायचं का?

शिवाय एक गोष्ट अशी आहे जी बाहेर फारशी बोलली जात नाही. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते आणि एका बाटलीत पाच किंवा दहा डोस असतात. सोबतच्या द्रावणात ती मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं काही नसतं, त्यामुळे हा नियम ढिला करता येत नाही आणि करूही नये. पण यातून काय होतं? सत्र संपत आलेलं असतं, समोर एकच बाळ असतं, आणि लस वाया गेली तर वर उत्तर द्यावं लागेल या धास्तीने आरोग्यसेविका म्हणते, पुढच्या वेळी या. ती वाईट बाई नसते. तिच्या तक्त्यात वाया गेलेल्या डोसांचा रकाना असतो, परत पाठवलेल्या बाळांचा नसतो. मजुरी बुडवून आलेली आई परत जाते आणि पुष्कळदा पुन्हा येत नाही. एका बाळासाठीही बाटली उघडावी, ही भूमिका अधिकृतपणे मांडलेली आहे. ती सत्राच्या टेबलापर्यंत पोचवायची असेल, तर परत पाठवलेल्या बाळांचा रकाना तक्त्यात घालावा आणि वरिष्ठांनी प्रश्न त्या रकान्यावर विचारावेत.

सक्ती करा, असंही सुचवलं जातं. इटलीने २०१७ मध्ये, फ्रान्सने २०१८ मध्ये लसींची सक्ती वाढवली, जर्मनीने २०२० पासून शाळा-पाळणाघरांसाठी गोवराची लस बंधनकारक केली. त्या देशांत लस दारात होती आणि काही माणसं ती नको म्हणत होती, तिथे त्या कायद्याला अर्थ आहे. जिच्यापर्यंत लसच पोचली नाही त्या बाईला दंड करणं हा मला निव्वळ अन्याय वाटतो. शाळेच्या दाखल्याला लसीची अट घालण्यानेही फार साधत नाही, कारण गोवर सर्वांत जास्त मारतो तो पाच वर्षांच्या आतल्यांना, शाळेचं तोंड पाहण्याआधी. कार्ड पाहायचं तर अंगणवाडीत पाहावं, आणि नसेल तर मुलाला घरी न पाठवता तिथेच लस मिळेल अशी सोय करावी. सामोआत २०१८ मध्ये लस मिसळताना झालेल्या भयंकर चुकीने दोन बाळं गेली, लोकांचा विश्वास उडाला, लसीकरण खाली घसरलं. २०१९ मध्ये गोवर आला आणि दोन लाखांच्या त्या देशात ८३ माणसं गेली, बहुतेक लहान मुलं. विश्वास एकदा गेला की तो कायद्याने परत आणता येत नाही, हे तिथे दिसलं.

आणि जे सुस्थितीतले आईबाप म्हणतात की आम्हाला गोवर झाला होता, आम्हाला काय झालं, नैसर्गिक प्रतिकारशक्तीच चांगली, त्यांनाही माझं एक म्हणणं आहे. जी मुलं गेली ती आज हे वाक्य बोलायला नाहीत. गोवराने मिळणारी प्रतिकारशक्ती पक्की असते, पण ती इतर सगळ्या आठवणी गहाण टाकून मिळते. लसीतला विषाणू त्याच वंशातला असूनही तसं करत नाही. तो दुबळा केलेला आहे, आणि पेशीत शिरायला त्याला सर्वत्र असलेली सीडी ४६ ची खुंटीही चालते. प्रयोगशाळेतल्या ज्या सवयीने संशोधकांना सात वर्षं चकवलं, ती या लसीतल्या विषाणूतही आहे.

या विषाणूच्या चिकटण्याच्या पद्धतीत आपल्या फायद्याची एक मोठी गोष्ट आहे. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो, कोरोनाचा बदलताना आपण पाहिला. गोवराला ते जमत नाही. एच प्रथिनाचा जो भाग खुंटी पकडतो, तो बदलला तर पकडच सुटते. आपली प्रतिपिंडं त्याच भागावर बसतात. म्हणून १९५४ मध्ये बोस्टनमध्ये एका शाळकरी मुलाच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेली लस आज सत्तर वर्षांनीही तितकीच लागू पडते. तिच्याच एडमन्स्टन-झाग्रेब या वाणाची लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि जगभर जाते. गोवर माणसाखेरीज दुसऱ्या कुठल्या प्राण्यात दडून राहत नाही. त्याचाच सख्खा भाऊ म्हणजे गुरांची बुळकांडी. तीही सीडी १५० च धरून शिरायची. गोठेच्या गोठे रिकामे करणारा तो रोग लसीच्या जोरावर २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. गुरांसाठी आपण हे करून दाखवलं. भारतात गोवराची लस १९८५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, दुसरा डोस २०१० पासून. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची प्रचंड मोहीम झाली, म्हणजे यंत्रणेला जमत नाही असंही नाही. तरी गोवर हटवण्याचं उद्दिष्ट २०२० वरून २०२३ वर आणि तिथून २०२६ वर गेलं. पुण्याहून परदेशी विमानात चढणारी बाटली गोवंडीच्या गल्लीत पोचू नये, याचं खापर विषाणूवर फोडता येणार नाही.

वस्तीतल्या पंच्याण्णव टक्के मुलांना दोन्ही डोस मिळाले तर साथ उभी राहत नाही. नव्वद पुरत नाहीत, कारण एकजण बारा-अठरांना लागण देतो. आणि राज्याची सरासरी पंच्याण्णव असली तरी एखाद्या गल्लीत साठ असू शकते. विषाणू गल्लीत फिरतो, सरासरीत फिरत नाही. म्हणून आकडे वॉर्डाचे न मांडता सत्रागणिक, अंगणवाडीगणिक मांडले जावेत आणि लोकांना पाहता यावेत.

तोवर गोवर होतच राहणार, म्हणून सुरुवातीच्या मोजणीच्या मुद्द्यावरून निघणारी मागणी मांडते. ज्या मुलाला गोवर झाल्याचं प्रयोगशाळेत नक्की होतं, त्याचं नाव साथ ओसरल्यावर यादीतून काढू नये, दोन वर्षं ठेवावं. आजारात लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्वाचे डोस मिळाले का, हे पहिल्या भेटीत पाहावं. त्याने डोळे वाचतात, जीवही वाचतात, आणि खर्च नगण्य आहे. गोवराची लस चुकलेल्या मुलाच्या बाकीच्या लसीही बहुधा चुकलेल्या असतात. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस या जंतूवरची लस २०२१ पासून सगळ्या देशात मोफत मिळते, आणि ती ज्याला सर्वांत जास्त हवी तो हाच मुलगा. दर तीन महिन्यांनी वजन, श्वासाचा वेग, घरात कुणाला लांबलेला खोकला आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळेल. मूल दगावलं, तर कारण काहीही असो, गेल्या दोन वर्षांत त्याला गोवर झाला होता का, हा प्रश्न बालमृत्यूच्या अर्जावर असावा. मग गोवर खरोखर किती मुलं नेतो ते आपल्याला आपल्याच आकड्यांतून दिसेल, डेन्मार्कच्या आकड्यांवर विसंबावं लागणार नाही.

या भेटी करायला नवं खातं उघडावं लागत नाही. आशा ताई नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरलेल्या फेऱ्या करतातच, पुढे पंधराव्या महिन्यापर्यंतही जातात. गोवर झालेल्या मुलासाठी दोन वर्षांत आठ फेऱ्या त्यात वाढतील. त्यांचा मोबदला मात्र वेगळा धरावा आणि वेळेवर द्यावा. आहे त्या मानधनात आणखी एक काम त्यांच्या वहीत ढकललं, तर भेटी कागदावरच होतील, आणि गोवरातून उठलेलं पोर पुन्हा आजीच्याच भरवशावर राहील.